हात वर करण्यापूर्वीं

दोंडाईच्याचा उन्हाळा ज्यांनीं काढला आहे त्यांस त्याचें वर्णन नको, आणि ज्यांनीं काढला नाहीं त्यांस तें खरें वाटावयाचें नाहीं. वैशाखांत पारा ४३ अंशांच्या वर चढतो, घरोघर वर्षाच्या मिरच्या वाळत पडलेल्या असतात, आणि दुपारीं बारा वाजल्यापासून चार वाजेपर्यंत सारें गांव दारें लावून निजतें. घरच्या बायका तेवढ्या पहांटे उठून गच्चीवर बिबडे आणि कुरडया घालून मोकळ्या झालेल्या असतात. नेमकी याच दिवसांत मुलांना सुटी असते. तेरा वर्षांच्या मुलानें दुपारचे हे चार तास कसे घालवावे, हा प्रश्न आमच्या घरांत तरी आजवर कोणाला सुटलेला नाहीं. हल्लीं तो मोबाईलनें सोडविला आहे असें म्हणतात. परंतु हें उत्तर कोणत्याहि आईबापांस मनापासून पसंत पडलेलें आम्हीं पाहिलें नाहीं.

आमचें कुटुंब एकत्र आहे. मातुःश्रींस ८४ वें वर्ष चालूं आहे. वडील बंधूंनीं, म्हणजे दादांनीं, उभा जन्म धुळ्यास वकिली केली. आम्ही शिक्षकाच्या नोकरींतून निवृत्त झालों आहों. धाकट्या बंधूंचें येथेंच दुकान आहे, आणि त्यांचा चिरंजीव गेल्या उन्हाळ्यांत सातवी उत्तीर्ण होऊन आठवींत जावयाचा होता. आम्ही सांगणार आहों ती हकीकत त्याची आहे, आणि त्याच्यापेक्षां अधिक आमची, त्याच्या वडीलधाऱ्यांची आहे.

चैत्र संपत आला असतां एके दिवशीं चिरंजीवांनीं एक छापील कागद आणून आमच्या हातीं दिला. नवापूरच्या बाजूस एका मिशनच्या आवारांत १२ ते १५ वर्षांच्या मुलामुलींसाठीं पांच दिवसांचें उन्हाळी शिबिर भरणार होतें. त्यांत बायबलचे पाठ, गायनें, खेळ, हस्तकला आणि जंगलांतील फेरी असा कार्यक्रम होता. अंथरूण, ताट, वाटी आणि तांब्या ज्याचा त्यानें आणावा, मोबाईल मात्र आणूं नये, असें खालीं ठळक अक्षरांत छापलें होतें. त्याचा शाळेंतला जिवलग मित्र तेथें जाणार होता आणि यालाहि चल म्हणत होता. या मित्राची आई येथील एका दवाखान्यांत परिचारिका आहे व वडील रेल्वेंत आहेत. मूळचीं हीं मंडळी नवापूरकडचीं, आणि तिसऱ्या पिढीचीं ख्रिस्ती.

कागद घरांत फिरला. मोबाईल आणूं नये हें वाचून दाखवितांच मातुःश्री म्हणाल्या, "हें लिहिणारा कुणी शहाणा माणूस दिसतो." परंतु दादांचें बोट पहिल्याच शब्दावर थांबलें होतें. बायबलचे पाठ! रात्रीं जेवणें झाल्यावर ओसरीवर बैठक बसली आणि दादांनीं बाजू मांडावयास सुरुवात केली. त्यांच्या बोलण्यांत द्वेष नव्हता हें आम्हीं आधींच सांगून ठेवतों. त्यांच्या बोलण्यांत भय होतें, आणि त्या भयाला इतिहास होता.

त्यांनीं १८४३ सालची हकीकत सांगितली. त्या वर्षीं मुंबईस नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्याचा धाकटा भाऊ श्रीपति हाहि मिशनच्या घरीं राहावयास गेला. त्याचें वय त्या वेळीं बारा वर्षांच्या आसपास होतें. बापानें सुप्रीम कोर्टांत धांव घेतली, आणि इतक्या लहान मुलाला स्वतःच्या धर्माचा निर्णय करण्याचा अधिकार नाहीं असें ठरून मुलगा बापाच्या स्वाधीन करण्यांत आला. "तें वय आणि आपल्या पोराचें वय सारखेंच आहे," दादा म्हणाले. "मोठ्या माणसानें पाहिजे तें करावें. टिळकांनीं १८९५ सालीं केलें, तेव्हां ते तेहतीस वर्षांचे होते, कवि होते, पंडित होते. त्यांच्याशीं आपला वाद नाहीं. पण तेरा वर्षांचें पोर म्हणजे ओली माती. ज्याचा हात लागेल त्याचा आकार ती घेते."

दादांचें म्हणणें खोटें होतें असें आम्ही आजहि म्हणणार नाहीं. परंतु त्या हकीकतीचा उत्तरार्ध त्यांनीं सांगितला नव्हता, तो आम्हांस सांगणें भाग पडलें. कोर्टानें मुलगा परत दिला. पुढें काय झालें? मिशनच्या घरीं त्यानें अन्न घेतलें होतें, म्हणून त्याला जातींत परत घेण्यास आपल्याच मंडळींनीं विरोध केला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीसाठीं उभे राहिले, तेव्हां त्यांनाहि सनातन्यांचा रोष सोसावा लागला. मुलगा परक्यांच्या दारांतून परत येऊं शकला, आणि स्वतःच्या दारांत अडला! तेव्हां पोर आपल्याला दुरावतें तें नेहमीं समोरच्याच्या ओढीनें दुरावतें असें नाहीं. पुष्कळदां तें आपल्या उंबऱ्याच्या उंचीमुळेंहि दुरावतें.

वाद असा रंगांत आला असतां चिरंजीव इतका वेळ गप्प बसलेले होते ते एकदम म्हणाले, "काका, तो आपल्या गणपतींत दहाही दिवस आरतीला होता. प्रसाद घ्यायचा, टाळ वाजवायचा. तेव्हा त्याच्या आईला आपल्यापैकी कोणी विचारलं होतं का?"

ओसरीवर कोणी बोलेना. खरें सांगावयाचें तर हा प्रश्न आमच्यापैकीं एकाच्याहि मनाला कधीं शिवला नव्हता. आमच्या घरीं येणारा मुलगा आमच्या देवापुढें उभा राहिला यांत विचारण्यासारखें काय आहे, असेंच आम्ही धरून चाललों होतों. आमचा तो संस्कार आणि दुसऱ्याचा तो प्रभाव, अशी ही वांटणी आम्हीं केव्हां करून टाकली होती हें आमचें आम्हांस कळलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही त्या बाईंच्या घरीं गेलों. दोन खोल्यांचें घर, भिंतीवर क्रूस आणि त्याच्या शेजारीं मुलाचीं शाळेंतलीं बक्षिसें. बाईंनीं माठांतलें पाणी दिलें, चहा ठेवला. आम्हीं शिबिराची चौकशी केली आणि मग, कांहींशा ओशाळ्या आवाजांत, गणपतीची गोष्ट काढली. बाई हंसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पहिल्या वर्षी मला जरा धाकधूक वाटली. आमच्या मंडळीतलेही दोघेतिघे बोलले. पण मी म्हटलं, आजी त्याला आपल्या नातवाच्या शेजारी बसवून जेवायला घालतात. तिथं त्याचं वाईट काय होणार? त्याला घरी काय शिकवायचं ते मी शिकवलंय. तेवढ्यावर माझा भरवसा आहे."

आम्ही जन्मभर मुलांस शिकविलें. परंतु त्या शेवटच्या वाक्याइतका स्वच्छ शिक्षणविचार आम्हांस कोणत्याहि परिषदेंत ऐकावयास मिळाला नव्हता. ज्या विश्वासाविषयीं आम्ही दोन रात्री वाद घालीत होतों, तो विश्वास या बाईंनीं तीन वर्षें आमच्यावर टाकला होता, आणि तोहि न बोलतां.

त्यानंतर आम्हीं त्यांच्या पाळकसाहेबांची गांठ घेतली. गृहस्थ सरळ होते. "लपवाछपवी नको," ते म्हणाले. "शिबिर आमच्या मंडळीच्या मुलांसाठी आहे. रोज सकाळी शास्त्राचा पाठ होईल, संध्याकाळी उपासना होईल. तुमच्या मुलाला बाहेर बसायचं असेल तर बसू द्या. आत बसला तरी त्याच्याकडून कसली कबुली घेतली जाणार नाही." दादांना हें सांगितलें तेव्हां त्यांचें वकिली मन थोडें निवळलें. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमांत सरकारमान्य अथवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांविषयीं असाच दंडक आहे: तेथें धर्मशिक्षण दिलें जात असेल तर विद्यार्थ्याच्या संमतीवांचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीवांचून, त्यास तेथें बसवितां येत नाहीं. शिबिराला हें कलम लागू नसलें तरी त्यांतला न्याय लागू आहे, असें दादांनीं मान्य केलें.

शेवटचा निकाल मातुःश्रींनीं दिला. "आखाजीला त्यानं आजोबांची घागर भरावी आणि मग जावं," त्या म्हणाल्या. खान्देशांत आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा सण दिवाळीहून कमी नाहीं. सासुरवाशिणी माहेरीं येतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांच्या नांवानें पाण्याची घागर भरली जाते, आणि घरोघर पुरणपोळी व आमरस होतो. चिरंजीवांनीं घागर भरली, आमरस ओरपला, आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं वळकटी, ताट, वाटी व तांब्या घेऊन मित्रासह सुरतेच्या बाजूस जाणाऱ्या गाडींत बसले. पोंचविण्यास आम्ही बरोबर होतों. नवापूरचें स्टेशन अर्धें महाराष्ट्रांत आणि अर्धें गुजराथेंत आहे हें पुष्कळांस ठाऊक असेल. फलाटावर एक बांक असें आहे कीं त्याच्या मधोमध दोन राज्यांची सीमा जाते. दोन्ही मित्र त्या बांकावर एक इकडे आणि एक तिकडे असे बसून आम्हांस हात दाखवीत होते. त्यांना मिशनच्या माणसांच्या हवालीं करून आम्ही एकटेच परत निघालों. परतीच्या गाडींत मन कांहीं केल्या वर्तमानपत्रांत लागेना.

ते पांच दिवस घरांत सर्वांना लांब वाटले. फोन करण्याची सोय नव्हती. आम्हीं या अवधींत शिबिरांच्या इतिहासाविषयीं जें हातीं लागलें तें वाचून काढलें. अमेरिकेंत कनेक्टिकट प्रांतांतील फ्रेडरिक गन या शाळामास्तरानें १८६१ सालीं आपल्या शाळेंतील मुलांना पायीं समुद्रकांठीं नेऊन तंबूंत ठेवलें, तेथून उन्हाळी शिबिरांची प्रथा मोजतात. लंडनमध्यें १८४४ सालीं स्थापन झालेल्या वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेनें ही कल्पना पुढें उचलली. समनर डडले या गृहस्थानें १८८५ सालीं न्यूयॉर्क प्रांतांत एका तळ्याकांठीं सात मुलांचें शिबिर भरविलें, आणि त्यांच्या नांवानें तें आजतागाईत चालूं आहे. तत्पूर्वीं १८६८ सालीं वेल्समधील लँडुड्नो येथील वाळवंटांत जोसाया स्पायर्स यांनीं सुटीवर आलेल्या मुलांना गोळा करून वाळूंत मोठमोठीं अक्षरें काढलीं, तीं मुलांकडून शंखशिंपल्यांनीं सजवून घेतलीं, आणि त्यांवरून त्यांना धर्माचा पाठ दिला. न्यूयॉर्क शहरांत १८९८ सालीं एका बाईंनीं गरीब वस्तींतील मुलें उन्हाळ्यांत रस्त्यावर भटकतात हें पाहून चक्क एक दारूचा गुत्ता भाड्यानें घेतला आणि त्यांत सुटींतली बायबल-शाळा सुरू केली. बेडन-पॉवेल यांनीं वीसएक मुलांना घेऊन ब्राउन्सी बेटावर बालवीरांचें पहिलें शिबिर भरविलें तें १९०७ सालीं.

या सर्व खटाटोपांतून एक गोष्ट आमच्या ध्यानीं आली. या मंडळींचे हेतु निरनिराळे होते, परंतु हत्यार एकच होतें. मूल घरापासून थोडे दिवस वेगळें काढावें, त्याला मोकळ्या हवेंत बरोबरीच्या मुलांबरोबर ठेवावें, एका पंक्तीला जेवूं घालावें, रात्रीं शेकोटीभोंवतीं गाणें म्हणावयास लावावें. म्हणजे शाळेंत वर्षभरांत जें मनांत उतरत नाहीं तें पांच दिवसांत उतरतें. आमच्या खान्देशाला हें नवीन नाहीं. साने गुरुजी १९२४ सालीं अमळनेरच्या शाळेंत आले आणि तेथील छात्रालयांत मुलांचीं अंथरुणें आवरून, त्यांचे कपडे धुऊन त्यांनीं जें शिकविलें तें त्यांच्या विद्यार्थ्यांनीं जन्मभर सांगितलें. फैजपुरास १९३६ च्या डिसेंबरांत काँग्रेसचें खेड्यांतलें पहिलें अधिवेशन भरलें, तेव्हां आमचे आजोबा तेथें स्वयंसेवक होते. बांबूंच्या झोंपड्यांत राहून, सर्व जातींच्या पंक्तीला जेवून ते घरीं परतले, तेव्हां पणजींनीं त्यांना अंगणांतच आंघोळ घातली आणि मगच आंत घेतलें. आजोबा ही गोष्ट हंसत सांगत. पण तेवढ्या दिवसांत त्यांच्यांत जें बदललें तें त्या आंघोळीनें धुतलें गेलें नाहीं. पुढें त्यांच्या हयातींत आमच्या घरीं वेगळी पंगत बसली नाहीं. त्या आंघोळीची कथा आम्ही मोठ्या अभिमानानें पाहुण्यांस सांगतों. पण पणजींच्या जागीं आतां आम्ही उभे आहों, हें त्या पांच दिवसांत आम्हांस पहिल्यानें जाणवलें.

सहाव्या दिवशीं चिरंजीव उन्हानें रापून, गुडघा खरचटून आणि अतिशय आनंदांत परत आले. जेवण होतांच त्यांनीं आपलें ताट स्वतः उचलून मोरीवर नेलें व घासलें. त्यांची आई पाहातच राहिली. तेथें म्हणे आळीपाळीनें एकेका गटानें वाढावयाचें, एकानें विहिरीवरून पाणी आणावयाचें, आणि संडास झाडण्याची पाळी कोणालाहि चुकली नव्हती, खुद्द पाळकसाहेबांनासुद्धां नाहीं. त्यांच्या गटांत अक्कलकुवा आणि धडगांव भागांतलीं भिल्ल मुलें होतीं, एक मावची मुलगा होता. त्यांच्याकडून मोहाच्या झाडाची, पाखरांच्या आवाजांची आणि गोफणीची विद्या हे शिकून आले होते, आणि त्यांना यांनीं बुद्धिबळ शिकविलें होतें. घरची आठवण आली का असें आजीनें विचारतां, दुसऱ्या रात्रीं थोडें रडूं आलें, असेंहि प्रामाणिकपणें कबूल केलें.

संध्याकाळीं देवापुढें दिवा लावल्यावर तो नकळत एक चाल गुणगुणूं लागला. मातुःश्रींनीं कान दिला. "हा तर अभंग आहे," त्या म्हणाल्या. तो अभंगच होता, परंतु ख्रिस्ताच्या भक्तीचा. मराठी ख्रिस्ती मंडळी जें 'उपासना-संगीत' वापरतात त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं पुष्कळ पदें आहेत, आणि तीं ज्या छंदांत व ज्या चालींत आहेत त्या आपल्या वारकऱ्यांच्या. मातुःश्रींनीं लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' लग्नानंतर लवकरच वाचलीं होतीं. त्या म्हणाल्या, "नवऱ्यानं धर्म बदलला आणि ती बिचारी पांच वर्षं विचार करत राहिली. मग स्वतःच्या मनानं गेली. मला त्या पुस्तकांत तेंच आवडलं. तिनं घाई केली नाहीं." आम्हीं हें वाक्य त्या वेळीं सहज ऐकलें. त्याचें मोल आम्हांस रात्रीं कळावयाचें होतें.

रात्रीं गच्चीवर अंथरुणें घातलीं होतीं. सगळे निजल्यावर चिरंजीव हळूच आमच्या उशाशीं येऊन बसले. "काका, एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. शेवटच्या रात्रीं शेकोटी झाली होती. बाहेरगांवाहून आलेला एक तरुण वक्ता फार सुंदर बोलला. सगळीं मुलें गप्प झालीं, कांहीं रडत होतीं. मग त्यानें डोळे मिटावयास सांगितलें आणि विचारलें कीं ज्याला आपलें जीवन प्रभूला द्यावयाचें आहे त्यानें हात वर करावा. "मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. एकेक करून सगळ्यांचे हात वर जात होते. मला काही कळेना, काका. मला खरंच तसं वाटत होतं, की सगळे करताहेत म्हणून वाटत होतं, तेच कळेना. माझा हात वर जायला लागला."

"मग?" आमचा आवाज आम्हांसच ओळखूं येईना.

"त्यानं धरून ठेवला. माझ्या मित्रानं. आणि कानात म्हणाला, आधी घरी विचार."

वाचकहो, आम्ही ती रात्र जागून काढली. प्रथम संताप आला. कबुली घेतली जाणार नाहीं असा शब्द आम्हांस दिला होता, आणि तो पाळला गेला नव्हता. दादांनीं दाखविलेलें भय अगदींच पोकळ नव्हतें हें सिद्ध झालें होतें. सकाळीं आम्हीं पाळकसाहेबांस फोन करून स्पष्ट शब्दांत तें सांगितलें. त्यांनीं सबब सांगितली नाहीं. ते म्हणाले, "तुमचा राग रास्त आहे. वक्ता नवा होता, पण शब्द मी दिला होता. त्या वेळी मी उठायला हवं होतं." थोडें थांबून ते पुढें म्हणाले, "आणि तुमच्या मुलाचं सोडा, आमच्या मुलांनासुद्धा हा प्रश्न असा रात्री, असा रडवून विचारावा का, असं मलाही पुष्कळदा वाटतं." आम्हीं फोन ठेवला. एका धर्माच्या उपदेशकानें इतकें बोलून दाखवावें हें सोपें नाहीं, हें आम्ही जाणून आहों.

दुपारीं ओसरीवर दादांस हें सर्व सांगितलें. दादा विजयानें हंसतील अशी आमची अपेक्षा होती. परंतु ते हंसले नाहींत, त्यांनीं चिरंजीवांस जवळ बोलावलें आणि विचारलें, "समज, त्यानं हात धरला नसता, तर?"

"तर वर गेला असता," पोर म्हणालें. "पण आजोबा, तिथं निदान विचारलं तरी. माझी मुंज झाली तेव्हा मला कुठं कोणी विचारलं होतं?"

दादा आणि आम्ही एकमेकांकडे पाहात राहिलों. याला उत्तर नाहीं असें नाहीं. मूल आईची भाषा न विचारतां शिकतें, घरचें अन्न न विचारतां खातें. तसाच घरचा धर्महि त्याला न विचारतां मिळतो, आणि त्याशिवाय तें उभेंच राहूं शकणार नाहीं. दादांनीं हें उत्तर दिलें, आणि तें योग्यच होतें. तथापि तें देतांना त्यांच्या आवाजांत नेहमींचा ठामपणा नव्हता. कारण हेंच उत्तर त्या मित्राची आईहि देऊं शकली असती. शेकोटीभोंवतालच्या इतर मुलांचीं आईबापेंहि देऊं शकलीं असतीं.

आम्हांस जें कळलें तें थोडक्यांत असें. नंदुरबारच्या शिरीषकुमारावर आमच्या याच चिरंजीवांनीं शाळेंत भाषण केलें होतें. १९४२ च्या ९ सप्टेंबरला हातांत तिरंगा घेऊन गोळ्या झेलणारा तो मुलगा पंधरा वर्षांचा होता. त्या वयाच्या धैर्याचे आम्ही पोवाडे गातों, आणि त्याच वयाच्या बुद्धीवर मात्र विश्वास टाकीत नाहीं. मुलाच्या मनाभोंवतीं भिंत बांधून तें राखतां येत नाहीं. भिंत फार तर आपल्या डोळ्यांपुढून तें झांकते. त्याला एकच संवय लावून ठेवतां येते: सगळ्यांचे हात वर जात असतां आपला हात कां जात आहे, एवढें स्वतःस विचारण्याची. ती संवय शेकोटीपुढें उपयोगी पडते, सभेंत पडते, मिरवणुकींत पडते, आणि ती आपल्या देवघरांतहि उपयोगी पडूं द्यावी लागते. नाहींतर ती संवय नव्हे, नुसता परक्यांविरुद्धचा बंदोबस्त होय.

आणखी एक गोष्ट आम्हांस कबूल केली पाहिजे. आमच्या मुलाचा हात त्या रात्रीं राखला तो आमच्या संस्कारांनीं नव्हे, दादांच्या इतिहासानेंहि नव्हे. तो राखला एका ख्रिस्ती बाईच्या तेरा वर्षांच्या मुलानें. 'आधी घरी विचार' हे शब्द तो कोठून शिकला हें आम्हांस ठाऊक आहे. त्या दोन खोल्यांच्या घरांत शिकला; आणि अगदीं थोडा, असें म्हणण्याचा मोह आम्हांस होतो, आमच्या ओसरीवरहि शिकला असेल.

पुढें भाद्रपद आला. चतुर्थीच्या आदल्या दिवशीं मातुःश्री आम्हांस म्हणाल्या, "त्या बाईंकडे जाऊन ये. या वर्षी पोराला आरतीला पाठवणार का म्हणून विचार. दर वर्षी राहून जातं." आम्ही गेलों. बाई दवाखान्यांतून नुकत्याच आल्या होत्या. आम्हीं विचारतांच त्या जरा गोंधळल्या, मग म्हणाल्या, "गुरुजी, इतकी वर्षं तो येतोच आहे की." आम्ही म्हणालों, "हो. पण आम्हीं विचारलें नव्हतें."

तो आला. दहाहि दिवस आला. टाळ नेहमींप्रमाणें त्याच्याकडेच असतो, आणि ताल आमच्या चिरंजीवांपेक्षां त्याचा बरा आहे. आरती संपून सर्वजण नमस्कार करतात तेव्हां तो हात जोडतो कीं नाहीं, हें आमच्या घरांत आतां कोणी पाहात नाहीं.